पुंजारामचा हात

आमच्या घरी एक काळा-पांढरा फोटो आहे. शेलूबाजारची बाजारगल्ली, गल्लीत माझं शिवणाचं दुकान, दुकानावर नवा रंगवलेला बोर्ड आणि बोर्डाखाली जमलेली पंधरा-वीस माणसं. त्यातला एकही माणूस कॅमेऱ्याकडं पाहत नाही. सगळ्यांच्या माना डावीकडं. चहावाला किटली धरून डावीकडं, पानवाला डावीकडं, ओट्यावर बसलेले माझे बाबा, ज्यांना दिसत नव्हतं, तेसुद्धा डावीकडं. आणि मशीनवर बसलेला, नवा सदरा घातलेला, तेल लावून भांग पाडलेला जो आहे तो मी. माझ्याच फोटोत मीही डावीकडंच पाहतोय.

परवा नातीनं विचारलं, "आबाजी, हे समदे कुठं पाहून राह्यले?"

"पुंजारामकडे," मी म्हटलं.

"तो कोनता?"

"तो फोटोत नाही."

"मंग दुसऱ्या फोटोत आहे काय?"

नाही. पुंजारामचा एकही फोटो माझ्याजवळ नाही. हा फोटो माझा होता आणि तो त्यानं खाल्ला, हे त्या पोरीला कसं सांगणार? पन्नास वर्षं होत आली तरी ते आठवलं की मी जळतो. वय झालं म्हणून जळफळाट जातो असं कोणी सांगत असेल, तर तो खोटं बोलतो.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. बोर्ड झाला म्हणून मी हौसेनं वाशिमहून फोटोग्राफर बोलावला. छातीशी धरून वरून आत डोकवायचा, असला त्याचा कॅमेरा. रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि हे त्यानं माणसं उभी करून झाल्यावर सांगितलं. "हलू नका, श्वास धरा," तो म्हणाला. आम्ही श्वास धरला. तेवढ्यात अकोल्याची एस.टी. थांबली आणि टपावरून शिवणमशीनचा लोखंडी सांगाडा खाली उतरू लागला. खाली पुंजाराम उभा, खांद्यावर मशीनची मुंडी. कोणीतरी ओरडलं, "अगा, पुंजाराम मशीन घेऊन आला!" आणि इकडं खट् झालं.

आम्ही जातीचे शिंपी. आजा शिंपी, बाप शिंपी. पुंजाराम बौद्धवाड्यातला. त्याच्या घरात सुई असलीच तर पायातला काटा काढायला, असं मी तेव्हा चारचौघांत म्हणायचो. लिहिताना लाज वाटते, पण म्हणायचो ते म्हणायचो. तो सात-आठ वर्षं अकोल्याला एका खलिफाजवळ शिकला. मुसलमान शिंप्यांत उस्तादाला खलिफा म्हणतात. त्या खलिफानं त्याला जुनं मशीन देऊन गावी पाठवलं, आणि गावात दुसरी जागा नव्हती जशी काही, त्यानं बरोबर माझ्या समोरचीच खोली घेतली. मी मान वर केली की पुंजाराम. दिवसातून मान किती वेळा वर होते ते शिंप्याला विचारा.

उंच, किडकिडीत, पाठीत थोडा वाकलेला. कानावर खडू. सुई ओवताना डावा डोळा मिटून जीभ बाहेर काढायचा, शाळेतल्या पोरासारखी. आम्ही शिंपी गळ्यात टेप घालून मिरवतो. त्याचा टेप खिशात. गिऱ्हाईक आलं की टेप काढायच्या आधी विचारायचा, "काम कोनतं करता?"

"काम? तुले काय करा लागते? सदरा शिव ना."

"माप आंगाचं नसते भाऊ, कामाचं असते. नांगर धरून दाखवा बरं."

आणि तो चांगला मिशीवाला शेतकरी भर गल्लीत, हवेत नांगर धरून, "हुर्र, चाल!" करत चार पावलं चालायचा. पुंजाराम मागून-पुढून पाहायचा, खांदा कुठं ताणतो, पाठ कुठं फुगते. मग टेप. कंडक्टर आला तर त्याला घंटीची दोरी ओढायला लावायचा. शाळेच्या गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, फळ्यावर लिहा." गुरुजींनी हवेत अख्खी बाराखडी लिहिली. गल्ली पोट धरून हसायची. बायांचं काम त्याची बायको पाहायची. निंदायला वाकून दाखव, भारा डोक्यावर घेऊन दाखव, असं ती आतल्या खोलीत करायला लावायची आणि तिथूनही खिदळणं ऐकू यायचं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक ताठ उभं राहायचं, मी माप घ्यायचो, वहीत लिहायचो. माझ्याकडं कोणी हसत नव्हतं.

बरं, त्याला शिवी द्यावी म्हटलं तर तेही तो जमू देत नव्हता. कोणी घाई केली की माझ्याकडं बोट दाखवायचा. "घाईचं असन तं समोर द्या. इठ्ठलभाऊचा हात लय जल्दी चालते, माह्याच्यानं नाही होत." हे तो मनापासून म्हणायचा. टोमणा असता तर मी दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो. ती स्तुती होती! तिच्यामुळं माझं दुकान घाईच्या कामाचं दुकान होऊन बसलं.

त्याची दुसरी खोड म्हणजे चिंध्या. कापड कापल्यावर उरलेले तुकडे शिंप्याचे, ही जगाची रीत. पुंजाराम ते सगळे एका चिमुकल्या थैलीत भरून सदऱ्याबरोबर परत द्यायचा, आणि थैलीही त्याच कापडाची. झालं! गावातल्या बाया माझ्या दारात. "इठ्ठलभाऊ, आमच्या चिंध्या?" आता काय सांगू? त्या माझ्या घरी गोधडीत गेल्या होत्या. एक दिवस माझ्या बायकोनं, गोदानं, गोधड्या धुऊन गल्लीत दोरीवर टाकल्या. चहावाल्याची बायको पाणी घेऊन जात होती. ती थांबली. घागर खाली ठेवली. एकेका तुकड्यावर बोट ठेवत म्हणाली, "हे माह्यं पोलकं. हे माह्या सासूचं. माय वो, हा तं आमच्या बबनच्या बारशाचा आंगरखा!" बघता बघता सात-आठ बाया जमल्या आणि आमच्या गोधडीत आपापलं घर शोधू लागल्या. गोदा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, "पुंजाभाऊची बायको सुखी आहे."

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय माझा जळफळाट तुम्हाला गिऱ्हाइकांचा वाटेल. गिऱ्हाइकांचा नव्हता. गाव मोठं, बाजाराचं, कपडे दोघांना पुरून उरत होते. माझं दुखणं बाबांचं होतं.

माझे बाबा म्हणजे पंचक्रोशीतले जुने शिंपी. मोतीबिंदूनं डोळे गेल्यावर त्यांनी कात्री माझ्या हाती दिली आणि स्वतः ओट्यावर बसले. पण परीक्षा चालूच. शिवून झालेला प्रत्येक कपडा त्यांच्या मांडीवर ठेवायचा. ते अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणायचे, "चाललं."

आमच्या घरात एक बोल होता, "हात बसला." माझ्या आज्यानं तो बाबांना ते बाविसाव्या वर्षात असताना म्हटला होता, आणि त्या दिवशी आजीनं गल्लीत गूळ वाटला होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली की त्या गुळाची चव मला तोंडपाठ होती. मी चाळिशीकडं आलो होतो. अठरा वर्षं रोज मांडीवर कपडा ठेवत होतो आणि अठरा वर्षं "चाललं" ऐकत होतो. मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं म्हणावं, इठ्ठल, हात बसला तुह्या.

गावात एक मोठे शेतकरी होते. सगळे त्यांना मालक म्हणायचे. त्यांचं माप आम्ही त्यांच्या घरी जाऊन घ्यायचो, ओसरीच्या खाली उभं राहून, आधी विचारून. पुंजारामचं नाव त्यांच्या कानावर गेलं तसं त्यांनी गड्याच्या हाती कापड पाठवलं, सोबत नमुन्याला एक जुना सदरा. बौद्धवाड्यातल्या माणसाकडून शिवून घ्यायला हरकत नव्हती, त्यानं अंगाला हात लावायला होती. पुंजारामनं दोन्ही गोष्टी घडी करून परत दिल्या.

"नमुन्याले हात वर करता येत नाही गा," तो गड्याला म्हणाला. "मालकाले सांगजो, आंग घेऊन या. मंग कापड."

 मला तर आतून उकळ्या फुटत होत्या. संपला हा, मी म्हटलं. आता मालक याला टिकू देत नाहीत. कापड माझ्याकडं आलं. मी जीव ओतून शिवलं, मालकांना ताठ उभं करून माप घेऊन, कसं फिट्ट. तो सदरा घालून मालक पुतणीच्या लग्नात मांडवात पहिल्या रांगेत उभे राहिले, अक्षता टाकायला हात वर केला, आणि काखेत टर्रकन! मंगलाष्टकं चालू असताना. भटजीसुद्धा थांबले.

पुढच्या बाजाराला मालक स्वतः, पायी, गल्लीतून आले. माझ्या दुकानाकडं न पाहता समोर गेले. पुंजारामनं त्यांना स्टूल दिलं, पाणी विचारलं, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मालक, अक्षता टाकून दाखवा."

मालकांनी हवेत अक्षता टाकल्या. तीन वेळा. भरल्या बाजारात कोणी हसलं नाही. पुंजारामनं त्यांच्या खांद्यावर पंजा ठेवला, टेप लावला, काखेत बोटं घालून पाहिलं, आणि मालक एवढंच म्हणाले, "जरा सैल ठेवजो बावा." ज्या खांद्याला माझ्या बापानं जन्मभर विचारल्याशिवाय हात लावला नाही, तो खांदा हा असा चाचपत होता. मला त्याचा राग आला की त्याच्या पाया पडावंसं वाटलं, ते आजही सांगता येत नाही. दोन्ही झालं असेल.

बाबांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं चहावाला चहा घेऊन आला, तर त्याची बाही धरली. "कोनाचा सदरा घातला रे?"

"पुंजारामचा, बाबाजी."

"बस इथं."

त्याला बसवलं. खांद्यापासून मनगटापर्यंत नख फिरवलं, मग काखेत, मग उलटं करून आतल्या बाजूनं. चहा थंड झाला. मी मशीनवर होतो, पाय थांबले होते.

"याचा हात बसला," बाबा म्हणाले.

मी मशीन चालवायला गेलो आणि सुई सरळ बोटात घातली. रक्त आलं. गिऱ्हाइकाच्या कापडाला लागू नये म्हणून बोट तोंडात धरून बसलो. अठरा वर्षं! आणि ह्याला दीड वर्षही झालं नव्हतं गावात.

त्यानंतर पुंजाराम बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांजवळ येऊन बसू लागला. पहिल्यांदा आला तेव्हा गोदानं माझ्याकडं पाहिलं, चहा कशात द्यायचा म्हणून. बाबांनाच कळलं. ते म्हणाले, "आपल्या कपात दे, माह्या बाजूच्या." तो शिवलेलं काहीतरी सोबत आणायचा, बाबांच्या मांडीवर ठेवायचा, बाबा नख फिरवायचे आणि वाहवा करायचे. जुन्या काळच्या अंगरख्यांच्या गोष्टी निघायच्या. माझ्याशी बाबा दिवसभरात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन पाण्याची. त्याच्याशी तासभर. मी मुद्दाम मशीन जोरात चालवायचो.

मग मी एक हलकट काम केलं. माझ्या साळ्यानं, गोदाच्या भावानं, पुंजारामकडून सदरा शिवून घेतला होता. "जरा बटन पाहतो" म्हणून मी तो मागून घेतला, दुपारी दार लावलं आणि अख्खा उसवला. एकेक टाका. वाटत होतं, कुठंतरी चोरी सापडेल, कुठंतरी घाण काम सापडेल. काखेत एक चौकोनी तुकडा वेगळा लावलेला होता, हात वर झाला की तो उघडायचा. आतल्या कडा दुमडून पुन्हा शिवलेल्या, म्हणजे सदरा उलटा घातला तरी कोणी नाव ठेवणार नाही. जिथं कोणी पाहणार नाही तिथंही. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? मग तो परत शिवायला घेतला तर दोन दिवस लागले, आणि साळा तो घालून म्हणाला, "भाटवे, याले काय केलं तुमी? हा माह्या नाही वाटत."

पण हाताला आता चटक लागली होती. मी बाबांसाठी बंडी शिवायला घेतली. त्यांना न सांगता. पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, हा माणूस काम काय करतो? काम काही नाही, बसतो. मग त्यांचं बसणं पाहिलं. आठ दिवस पाहिलं. डावा हात सारखा तंबाखूसाठी कमरेच्या वर जायचा, तिथं खिसा केला. बटनं सापडत नाहीत म्हणून बंद लावले. भिंतीला पाठ टेकतात म्हणून पाठीवरची शिवण काढूनच टाकली, एकसंध कापड. काखेत चौकोन. आतल्या कडा दुमडून. तीनदा उसवली. गोदा म्हणाली, "लेकीच्या लग्नाचं शिवून राह्यले काय?" झाली तशी बाबांच्या खुंटीवर नेऊन टांगली आणि कोणाला काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती अंगात घातली. दुपारी पुंजाराम आला. मी मशीनवर. बाबांचा हात सवयीनं शिवणीवर गेला आणि नख थांबत थांबत चालू लागलं. खांदा. काख. खिसा. पाठ चाचपली, तिथं शिवण नाही, पुन्हा चाचपली. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पुंजाराम," ते म्हणाले, "लेका, हात बसला तं होताच तुह्या. पण आता तू लय पुढं गेला. हे कधी आनून टांगलं?"

 तो बोल मिळाला होता. माझ्या शिवणीला मिळाला होता. आणि त्याच्या नावावर मिळाला होता. मी तोंड उघडलं असतं तर भांडणच निघालं असतं, म्हणून मशीन चालवत राहिलो. पुंजारामनं बंडीची कड उलटी केली, आत पाहिलं आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"बाबाजी, हे माह्यं नाही. इठ्ठलभाऊचं होय."

"कोनाचं?"

"तुमच्या इठ्ठलचं."

 नख पुन्हा निघालं, आता खालून वर. सगळी बंडी पुन्हा एकदा वाचून झाली. मग ते म्हणाले, "चाललं," आणि गोदाला चहा सांगितला.

पुंजाराम निघाला तसा मी त्याच्यामागं गल्लीत गेलो. का गेलो कुणास ठाऊक. आभार मानायला की भांडायला. बाहेर पडलं ते भांडण.

"काहून सांगितलं? मी मागितलं होतं काय तुले?"

"मंग काय करू? तुमचं काम माह्या नावावर घेऊ?"

"इतके दिस घेऊनच तं राह्यला. माह्या बापाची वाहवा."

तो हसला नाही. कानावरचा खडू काढून बोटांत फिरवत राहिला. "भाऊ, माह्या बापाच्या आंगाले शिवलेलं कापड लागलंच नाही. घोंगडी आन् धोतर. मी मशीन घेऊन आलो त्याच्या आदल्या सालीच गेला. तुमच्या बाबाजीजवळ मी कायले येतो? एखादा टाका वाकडा निंगन, बुढा मले झापन, म्हणून. दोनदा तं मुद्दाम वाकडा घालून आनला."

"मंग?"

"मंग काय? म्हणाले, चांगला आहे. परक्या पोराले वाहवाच भेटते भाऊ. झापाले घरचं लागते."

 तो रस्ता ओलांडून गेला.

त्याच वर्षी अकोल्याच्या खलिफाचे डोळे गेले आणि त्यानं आपलं दुकान चालवायला पुंजारामला बोलावून घेतलं. पुढं तो तिकडचाच झाला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. जायच्या आदल्या दिवशी समोर बांधाबांध चालू होती. इकडं मी एक लेंगा बाबांच्या मांडीवर ठेवला आणि नेमकी त्याची कड वाकडी गेली होती. बाबा असे भडकले की सगळी गल्ली थांबली. "डोये माह्ये गेले का तुह्ये? वीस वर्षं झाली, सरळ कड येत नाही तुले! उसव, आत्ताच्या आत्ता उसव, माह्यासमोर!" लेंगा माझ्या तोंडावर आला. चहावाला हसला. मी खाली बसून उसवू लागलो, आणि बाबा माझ्या डोक्यावर उभं राहिल्यासारखे बोलतच होते, बोलतच होते.

मी मान वर केली. समोर पुंजाराम दारात उभा होता, हातात अर्धवट गुंडाळलेली दोरी. बायको आतून दोनदा हाक मारत होती, ती त्याला ऐकू जात नव्हती. तो बाबांकडं पाहत होता, मग माझ्याकडं, मग पुन्हा बाबांकडं. दोन वर्षं मी माझ्या मशीनवरून त्याच्याकडं कसं पाहत होतो ते मला माहीत होतं. तो अगदी तसाच पाहत होता.